उसन्या भूकंपांचा हिशेब

ज्या भूमीवर एखादी इमारत उभी राहावयाची असते, त्या भूमीवर तिच्या आयुष्यात जो भूकंप कदाचित होईल आणि कदाचित होणारही नाही, त्याची नोंद आज कोणाच्याही दप्तरी असणे शक्य नाही. आणि तरीही त्या अघटित भूकंपातून इमारतीचा प्रत्येक स्तंभ व प्रत्येक तुळई क्षणाक्षणाने नेऊन आणावी आणि ती शेवटी कोणत्या अवस्थेत बाहेर पडते ते सांगावे, अशी मागणी आमच्या व्यवसायात अलीकडे वारंवार होऊ लागली आहे. ती पुरी करावयाची तर अन्य देशी, अन्य काळी झालेल्या भूकंपांच्या नोंदी उसन्या आणाव्या लागतात, आणि त्या आपल्या जागी अपेक्षित असलेल्या तीव्रतेशी जुळाव्यात म्हणून त्यांना कोणत्या तरी आकड्याने गुणावे लागते. गुणाकार तिसरीतल्या मुलालाही येतो. परंतु कोणत्या आकड्याने गुणावे, आणि गुणून झाल्यावर हाती जे राहते त्याला भूकंप म्हणता येईल काय, या दोन प्रश्नांची शहानिशा करण्यात माझ्या नोकरीतला मोठा आणि, खरे सांगावयाचे तर, सर्वांत रमणीय काळ गेला.

प्रबल कंपनाची नोंद म्हणजे जमिनीच्या त्वरणाची क्षणोक्षणीची जंत्री: सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या हिश्श्याला एक याप्रमाणे हजारो आकडे, दोन आडव्या दिशांचे आणि एका उभ्या दिशेचे. १९३३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे झालेल्या भूकंपात अशा नोंदी प्रथम यंत्रांच्या हाती लागल्या. आणि १८ मे १९४० रोजी त्याच प्रांतात एल सेंट्रो येथे जी नोंद मिळाली, ती पुढे पाठ्यपुस्तकांत अशी काही रुजली की भूकंप अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्याच हाताखाली शिकल्या. मीही त्यांतलीच. तिच्यातील सर्वाधिक त्वरण, ज्याला आम्ही शिखरत्वरण म्हणतो ते, गुरुत्वत्वरणाच्या ०.३२ पट आहे. परंतु त्या एका आकड्यात ती नोंद सामावत नाही, हे माझ्या ध्यानात आले ते अनिल चोप्रांच्या प्रसिद्ध ग्रंथातील एका उदाहरणावरून. २ टक्के अवमंदनाचा आणि अर्ध्या सेकंदाच्या आवर्तकालाचा दोलक या भूकंपावर ठेवला तर त्याच्या वाट्याला गुरुत्वाच्या १.०९ पट त्वरण येते, एका सेकंदाच्या दोलकाच्या वाट्याला ०.६१ पट, आणि दोन सेकंदांच्या दोलकाच्या वाट्याला अवघे ०.१९ पट. जमीन एकदाच हलली, आणि तिघांनी तीन निरनिराळे भूकंप भोगले. अशा सर्व आवर्तकालांचे प्रतिसाद एका वक्रावर मांडले म्हणजे प्रतिसाद-वर्णपट सिद्ध होतो. ही कल्पना मॉरिस बीओ याने १९३२ च्या सुमारास मांडली, हाउसनर याने तिला व्यवहारात आणले, आणि आज आमचे पानही तिच्यावाचून हलत नाही.

महाराष्ट्राला या विद्येचा परिचय मात्र पुस्तकाच्या वाटेने झाला नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचे खोरे हादरले, दगडमातीची घरे माणसांवर कोसळली, आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या पोटात, १-अ क्रमांकाच्या खंडातील गॅलरीत, जो त्वरणलेखक बसवलेला होता त्याने ते सर्व निमूटपणे टिपून ठेवले. धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३, त्याला काटकोनात ०.४९ आणि ऊर्ध्व दिशेने ०.३४ अशी गुरुत्वाच्या पटीतली ती शिखरत्वरणे होत. धरणाचे संकल्पन करताना जो भूकंप-गुणांक हिशेबात धरला होता तो होता ०.०५. रूडकीचे जयकृष्ण आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि १९७३ मध्ये चोप्रा व चक्रवर्ती यांनी तीच नोंद धरणाच्या गणिती प्रतिकृतीला देऊन, भिंतीचा खालच्या बाजूचा उतार जेथे बदलतो नेमक्या त्या पातळीवर भेगा का पडल्या, याचा उलगडा केला. उसनवारीचा तेथे प्रश्नच नव्हता, कारण धरण तेच, जमीन तीच आणि भूकंपही तोच. असा योग आमच्यासारख्यांच्या नशिबी क्वचितच येतो. किल्लारीला १९९३ साली सुमारे दहा हजार माणसे गेली, पण त्या मुख्य धक्क्याची केंद्राजवळची त्वरणनोंद नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपाची जी एक पूर्ण त्वरणनोंद आपल्यापाशी आहे ती केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरांवरच्या अहमदाबादेतील पासपोर्ट खात्याच्या एका इमारतीतली. तेव्हा या देशात इमारतीचे विश्लेषण करावयाचे म्हणजे कॅलिफोर्निया, जपान, तैवान यांच्या दारी जाणे आलेच.

आमच्या पुण्याच्या कचेरीत हा विषय ऐरणीवर आला तो चिपळुणातल्या एका नऊमजली इमारतीच्या निमित्ताने. चिपळूण तेव्हा भूकंपक्षेत्र ४ मध्ये मोडत असे, आणि वाशिष्ठीकाठच्या गाळाच्या जमिनीवर तीस मीटर उंचीची काँक्रीटची चौकट उभारावयाची, तर केवळ संहितेतील स्थिर बलांच्या हिशेबावर विसंबू नये, प्रत्यक्ष भूकंपनोंदी देऊन पाहावे, असा मालकाच्या तज्ज्ञाने शेरा मारला होता. शेरा वाजवी होता. पण तो अमलात कसा आणावयाचा? भारतीय मानक क्रमांक १८९३ या आमच्या भूकंप-संहितेच्या तेव्हाच्या, २००२ च्या आवृत्तीने या प्रकरणाची वासलात एका वाक्यात लावली होती: समुचित भूकंपनोंद घ्यावी आणि गतिशास्त्राच्या मान्य तत्त्वांनी विश्लेषण करावे. समुचित कोणती, हे संहितेने वाचणाऱ्याच्या विवेकावर सोपवले होते. आणि विवेक ही वस्तू देयकात दाखवता येत नसल्यामुळे आमच्या व्यवसायात ती सहसा सर्वांत स्वस्त मार्गाने वापरली जाते, असा माझा अनुभव आहे. तो स्वस्त मार्ग म्हणजे हाताशी असलेली एखादी नोंद उचलावयाची, तिचे शिखरत्वरण क्षेत्राच्या गुणांकाइतके होईल अशा आकड्याने सबंध जंत्रीला गुणावयाचे, आणि अहवालात एक रंगीत आलेख जोडावयाचा.

या मार्गाची परीक्षा आम्ही कोयनेच्याच नोंदीवर केली. क्षेत्र ४ चा गुणांक ०.२४, नोंदीचे शिखरत्वरण ०.६३, गुणक आला ०.३८. आमच्या कचेरीत त्या वेळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध अभियंते सल्लागार म्हणून येत असत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. १९६७ साली ते तरुण कनिष्ठ अभियंता म्हणून कोयनानगरला होते, आणि त्या पहाटेविषयी त्यांना कोणी विचारले तर ते प्रथम त्या आवाजाविषयी सांगत, हादऱ्याविषयी नंतर. माझ्या टेबलावरचा तो ०.३८ पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, आमच्या धरणानं सोसला तो रुपया, आणि तुम्ही त्यातले सहा आणे इमारतीला देता?"

"अण्णा, संहितेबरहुकूम तेवढेच येतात."

"मग संहिता लिहिणारे त्या पहाटे कोयनेला नव्हते, इतकंच."

अण्णांच्या बोलण्यातला उपरोध बाजूला ठेवला तरी त्यात एक खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर संहितेच्या कैफियतीत नसून नोंदीच्या स्वभावात होते. कोयनेची नोंद ही कातळावरची, उगमाच्या अगदी निकटची, अल्पकाळाची आणि अतिशय शीघ्र कंपनांची आहे. तिचे ०.६३ हे शिखर म्हणजे क्षणार्धाचा एक तीक्ष्ण सुळका. ताठर दगडी घराला तो प्राणघातक, परंतु सव्वा सेकंदाने डोलणाऱ्या उंच चौकटीला तो जाणवेतो ओसरलेला असतो. याच्या नेमके उलट टोक म्हणजे १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिको शहरातील जुन्या सरोवराच्या गाळावर मिळालेली नोंद. शिखरत्वरण अवघे ०.१७ च्या घरातले, म्हणजे कोयनेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण त्या गाळाने दोन सेकंदांच्या आवर्तकालाची कंपने अशी काही फुगवली की केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरच्या त्या शहरात मध्यम उंचीच्या इमारती ओळीने कोसळल्या, आणि जवळच्या ठेंगण्या, ताठर वास्तू बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. शिखरत्वरणाच्या मापाने तोलले तर मेक्सिकोची नोंद क्षुल्लक ठरते. दोन्ही नोंदी ०.२४ वर आणून आम्ही नऊमजली चौकटीला दिल्या, तेव्हा कोयनेच्या नोंदीने वरच्या दोनतीन मजल्यांत थोडी धुसफुस केली, आणि मेक्सिकोच्या नोंदीने खालच्या मजल्यांतील स्तंभ पायाशी मोडून टाकले. एकाच शिखरत्वरणाचे दोन भूकंप, आणि निकालात असे अंतर! ज्या मापाने हे दोघे समान ठरतात ते माप टाकून देणे भाग होते.

दुसरा मार्ग अधिक शहाणा आहे. इमारतीचा स्वतःचा मूळ आवर्तकाल शोधावा, आणि त्या आवर्तकालावर नोंदीच्या वर्णपटाची उंची अपेक्षित वर्णपटाइतकी होईल अशा गुणकाने नोंद गुणावी. संहितेच्या सूत्राने तीस मीटरच्या चौकटीचा आवर्तकाल ०.९६ सेकंद येतो. तडे गेलेल्या काँक्रीटचा मृदुपणा हिशेबात घेतल्यावर आमच्या प्रतिकृतीत तो सव्वा सेकंदाच्या आसपास आला, आणि तेथे मध्यम जमिनीसाठी अपेक्षित वर्णपटाची उंची गुरुत्वाच्या ०.२६ पट होती. या एका बिंदूवर सर्व नोंदी आणून टेकवल्या की निकालांची पांगापांग झपाट्याने कमी होते. स्टॅनफर्डचे ॲलन कॉर्नेल आणि त्यांचे शिष्य शोम यांनी १९९८ मध्ये याच मार्गाचा जोरदार पुरस्कार केला होता: या बिंदूवर नोंदी जुळवल्या म्हणजे मूळ भूकंप किती मोठा होता व किती दूर झाला, याचे ओझे फारसे उरत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ. पहिल्या प्रथम तो वाचताना मला हायसे वाटले होते. परंतु अण्णांची लाडकी कोयना येथेही आडवी आली. शिखराच्या मापाने जिचा गुणक ०.३८, त्या नोंदीला सव्वा सेकंदाच्या मापाने त्याहून कितीतरी पटींनी मोठा गुणक लागू लागला, कारण त्या आवर्तकालाची कंपने तिच्यात मुळातच अल्प. एवढ्या गुणकाने सव्वा सेकंदाची कंपने अपेक्षेइतकी झाली खरी, पण त्यांच्याबरोबर पाव सेकंदाच्या कंपनांनाही तोच गुणक लागला, आणि इमारतीच्या वरच्या मजल्यांना, ज्यांच्यावर दुसऱ्या व तिसऱ्या दोलनप्रकाराचा अंमल असतो, जगात कोणी कधी न पाहिलेला मार बसू लागला. लहान मुलाच्या पावलांचा आवाज ध्वनिक्षेपकातून कितीही मोठा केला तरी त्याला हत्तीची चाल येत नाही, तसा हा प्रकार होता.

येथवर सगळे तर्काचे झाले. तर्काने मार्ग नापसंत करता येतो, पण किती नापसंत करावा, ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजण्यासाठी ज्याच्याशी ताडून पाहावे असे अस्सल उत्तर हाती असावे लागते. खरी अडचण तीच. होऊ घातलेल्या भूकंपाचा दाखला कोणी देणार नाही, मग गुणलेल्या भूकंपाला अस्सलाशी ताडावयाचे कसे? या अडचणीतून वाट काढण्याची जी युक्ती आहे ती मला फार आवडते. बर्कलेच्या पॅसिफिक भूकंप अभियांत्रिकी संशोधन केंद्राच्या संग्रहात पुढेपुढे एकवीस हजारांहून अधिक नोंदी जमा झाल्या. आमच्या वेळी त्या कमी होत्या, पण पुरेशा होत्या. त्यांतून अशा नोंदी वेचावयाच्या की ज्यांचा भूकंप अपेक्षित मोठेपणाचा आहे, अंतरही अपेक्षित टप्प्यातले आहे, आणि ज्यांच्या वर्णपटाची उंची इमारतीच्या आवर्तकालावर निसर्गतःच अपेक्षेच्या जवळपास आहे, म्हणजे ज्यांना गुणक जवळजवळ लावावाच लागत नाही. इंपीरियल व्हॅली, लोमा प्रिएटा, नॉर्थरिज, कोबे यांच्यातून तशा नोंदी निघाल्या. या न गुणलेल्या नोंदींनी दिलेल्या मजल्यामजल्यांतील सापेक्ष विस्थापनाचा मध्यक म्हणजे आमचे अस्सल उत्तर. ते लखोट्यात बंद करून ठेवल्यासारखे बाजूला ठेवावयाचे, आणि मग प्रत्येक मार्गाने, त्या त्या मार्गाच्या कायदेकानूंप्रमाणे, परक्या आणि बेमापाच्या नोंदी गुणून तेच उत्तर येते काय ते पाहावयाचे. बर्कलेच्या केंद्राने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासाची धाटणी हीच होती. आमचे काम त्याच्यापुढे गल्लीतले, पण इमारत आमची होती.

संगणकावर ही विश्लेषणे रात्रभर चालत. बर्कलेतच तयार झालेली ओपनसीस ही प्रणाली आम्ही वापरत असू, आणि सकाळी कचेरीत शिरताच पहिले काम म्हणजे रात्री कोणती विश्लेषणे तडीस गेली आणि कोणती मध्येच अडकली त्याची यादी पाहणे. जोराच्या नोंदींत गणिताचे समीकरण एखाद्या क्षणी जुळेनासे होते आणि यंत्र हात टेकते. हात टेकले ते इमारत पडली म्हणून, की गणिताची पावले फार मोठी होती म्हणून, हे सांगणे सोपे नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने अशी अडकलेली विश्लेषणे सरळ वगळून उरलेल्यांचा मध्यक काढण्याची तजवीज केली होती. तसे केले म्हणजे सर्वांत कडक नोंदींचीच साक्ष खोडली जाते आणि प्रत्येक मार्ग आहे त्याहून सौम्य दिसू लागतो. तेव्हा अडकलेले प्रत्येक विश्लेषण पुन्हा उघडून, कालाची पावले बारीक करून, अखेरच्या क्षणी कोणत्या मजल्याचे विस्थापन कोठे निघाले होते ते डोळ्यांनी पाहून, मगच त्याची वर्गवारी ठरवावयाची, असा दंडक आम्ही घातला. कंटाळवाणे काम होते. पण अहवालातील जो आकडा वाचणाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतो, त्याचा खरेखोटेपणा अशा कंटाळवाण्या कामावरच ठरतो. आणखी एक बारीकसारीक गोष्ट: नोंदीच्या दोन आडव्या घटकांना वेगवेगळे गुणक लावण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि तसे केलेले हिशेब मी प्रतिष्ठित अहवालांत पाहिले आहेत. दोन्ही घटक एकाच जमिनीचे, एकाच क्षणाचे. त्यांची फारकत करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला, हे मला आजवर उमगलेले नाही.

निकाल हळूहळू स्पष्ट होत गेले. आवर्तकालाच्या एका बिंदूवर जुळवलेल्या नोंदींत जेथे गुणक एकाच्या आसपास होता, तेथे उत्तर अस्सलाला बिलगून येई. गुणक चार, पाच, सहा असा चढत जाई तसतशी विस्थापने सरासरीने अस्सलाहून अधिक येऊ लागत, आणि ज्या नोंदींना कमी करावे लागले होते त्यांची उणी. ल्यूको आणि बाझुरो यांनी २००७ मध्ये नेमके हेच दाखवले होते, आणि त्याचे कारणही सांगितले होते. ते कारण कागदावर उतरवणे सोपे आहे, पण मला ते पटले ते दोन वर्णपट एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर. ज्या नोंदीला मोठा गुणक लागतो तिचा वर्णपट बहुधा इमारतीच्या आवर्तकालापाशी खोलगट, दरीत असतो. म्हणून तर गुणक मोठा लागतो. गुणून ती दरी अपेक्षित उंचीवर आणली की तिच्या दोन्ही अंगांची शिखरे अपेक्षेच्या कितीतरी वर जातात. आणि इमारत काही त्या दरीत बसून राहत नाही: स्तंभ व तुळया नमू लागल्या, गज ताणले जाऊ लागले की तिचा आवर्तकाल लांबत जातो, आणि ती पायरीपायरीने त्या उंच शिखराच्या दिशेने सरकते. ज्या नोंदीला कमी करावे लागते तिचे याच्या उलट. ती आवर्तकालापाशी शिखरावर असते, आणि इमारत नमू लागताच आपसूक दरीत उतरून सुखावते. म्हणजे अपराध गुणकाचा नव्हता. गुणक हा केवळ वर्णपटाच्या वेड्यावाकड्या आकाराचा सुगावा देत होता. हे ताडून पाहण्यासाठी आम्ही मोठे गुणक लागणाऱ्याच नोंदी पुन्हा घेतल्या, पण या खेपेस ज्यांच्या वर्णपटाचा आकार अपेक्षित आकाराशी ठीक जुळतो तेवढ्याच. आणि त्यांचे उत्तर, गुणक मोठा असूनही, अस्सलाच्या बरेच जवळ आले. जॅक बेकर आणि कॉर्नेल यांनी पुरस्कारलेला सशर्त मध्य-वर्णपट हा या 'अपेक्षित आकारा'चाच शास्त्रशुद्ध मसुदा आहे: इमारतीच्या आवर्तकालावर एवढी उंची असेल तर इतर आवर्तकालांवर सरासरीने किती असावी, हे तो सांगतो, आणि सर्वच आवर्तकालांवर एकाच वेळी कमाल उंची मागणाऱ्या संहितेच्या वर्णपटापेक्षा तो निसर्गाशी अधिक इमान राखतो.

तिसऱ्या एका मार्गाविषयी माझे मत कडवट आहे, आणि ते मी लपवीत नाही. नोंदीत ठिकठिकाणी लहान लहान तरंग मिसळून तिचा वर्णपट अपेक्षित वर्णपटाशी तंतोतंत जुळवता येतो. शिखरे खुडली जातात, दऱ्या बुजवल्या जातात, आणि सात नोंदी दिल्या तरी सातांचे उत्तर जवळपास एकच येते. मालकांना हा मार्ग प्रिय आहे, कारण आलेख सुबक दिसतो आणि चर्चा लवकर आटोपते. सरासरी उत्तर थोड्या नोंदींत काढावयाचे असेल तर त्याचा उपयोग आहे, हे मी मान्य करते. परंतु आमच्या पडताळणीत त्याची विस्थापने अस्सलाहून किंचित कमीच येत, आणि पांगापांग तर त्याने पुसूनच टाकली होती. प्रत्यक्ष भूकंपांत जी अनिश्चितता असते ती कागदावरून नाहीशी केल्याने भूमीवरून नाहीशी होत नाही. एका बैठकीत मालकाच्या प्रतिनिधीने विचारले की, सातही नोंदी एकच सांगत असताना आणखी कसल्या पुराव्याची वाट पाहता? सातही साक्षीदारांना एकाच वकिलाने पढवले आहे, असे मी म्हणाले. ते त्यांना रुचले नाही, आणि बैठकीच्या टिपणात ते वाक्य आले नाही.

चिपळूणच्या इमारतीसाठी आम्ही अखेर असे ठरवले की, नोंदी प्रथम वर्णपटाच्या आकारावरून निवडाव्या, मग आवर्तकालाच्या पंचमांशापासून दीडपटीपर्यंतच्या सर्व टप्प्यावर त्यांची सरासरी अपेक्षित वर्णपटाच्या खाली जाणार नाही अशा रीतीने गुणक लावावे, आणि कोणताही गुणक ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये. हा टप्पा अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या सोसायटीच्या तत्कालीन मानकातला. सात नोंदी असल्यास सरासरी घ्यावी आणि कमी असल्यास सर्वाधिक, हा नियमही तेथलाच. २०१६ च्या आवृत्तीत किमान नोंदी अकरा झाल्या आणि टप्पा दुपटीपर्यंत वाढला, तो काही उगीच नव्हे.

या निवडीत कोयना गळाली, आणि अण्णा नाराज झाले. चिपळुणापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरांवर मिळालेली, आपल्याच कातळातली नोंद वगळून कॅलिफोर्नियातल्या रानातल्या नोंदी घ्यावयाच्या, हा त्यांना आपल्या मातीचा उपमर्द वाटला. कोयनेचा वर्णपट आणि निवडलेल्या नोंदींचे वर्णपट मी त्यांच्यापुढे ठेवले. सव्वा सेकंदापाशी पेन्सिलीने खूण केली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली, वक्राच्या डाव्या टोकाला, ०.२ सेकंदाच्या अलीकडे, जेथे कोयनेचा वर्णपट बाकी सर्वांच्या वर जाऊन उभा होता, तेथे एक रेघ मारली आणि विचारले, "या आवर्तकालाचं तुमच्या आवारात काही आहे की नाही?"

होते. आवाराच्या कोपऱ्यात विजेच्या उपकेंद्राची दुमजली, जाड भिंतींची, ताठर इमारत होती, आणि तिचे विश्लेषण कोणी मागितलेच नव्हते. अण्णांचा आग्रह असा की, तिला कोयनेची नोंद द्यावी, आणि गुणक एक ठेवावा. सहा आणे नव्हे, पुरा रुपया. "संहिता तेवढं मागत नाही, हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण मनाई कुठं केलीय?" आम्ही ते केले. तळमजल्याच्या दोन भिंती कर्तनात कमी पडल्या. त्यांची जाडी वाढली, आडवे गज जवळजवळ आले, आणि सुधारित नकाशा मंजुरीला गेला. एवढ्याशा उपकेंद्राला एवढी सळई कशासाठी, असे पत्र मालकाकडून आठवड्यातच आले. त्याचे उत्तर द्यावयाला अण्णा स्वतः चिपळूणला गेले.